व्हर्डनची कुदळ, वरोऱ्याची भाजी

वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनाची भाजी कुणी घेत नसे. १९५१ च्या जून महिन्यात विनोबांच्या हस्ते आनंदवनाची सुरुवात झाली, तेव्हा तिथे नुसता खडकाळ, झुडपी माळ होता. त्या माळावर बाबा आमटे, साधनाताई, त्यांची दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण आणि एक लंगडी गाय राहायला आली. पहारीनं खडक फोडून विहीर खणली. पाणी लागलं, वाफे तयार झाले आणि बोटं झडलेल्या हातांनी लावलेली भाजी तरारून वर आली. खरी अडचण तिथूनच सुरू झाली. भाजी उत्तम होती, पण ती कुणी पिकवली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तेव्हा कुष्ठरोग ‘महारोग’ या नावानं ओळखला जाई. बाबांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये या रोगाचं शिक्षण घेतलं होतं आणि डॅप्सोनची गोळीही मिळू लागली होती. हा रोग सहजासहजी लागत नाही, भाजीतून तर नाहीच, हे विज्ञान केव्हाच सांगून चुकलं होतं. पण ते बाजारात सांगून काय उपयोग? ज्या रोग्याला त्याच्या घरच्यांनीच बाहेर काढलं होतं, त्याच्या हातची वांगी परक्यानं का घ्यावीत?

आणि १९५४ च्या सुमारास या माळावर गोरी, काळी, पिवळी अशी सगळ्या वर्णांची तरुण मुलंमुली येऊन राहिली. सुमारे पन्नास जण होते आणि तीसहून अधिक देशांतले होते, असं आनंदवनाच्या आठवणींत नोंदलेलं आहे. ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे हे स्वयंसेवक. त्यांनी दगड वाहिले, चुना कालवला, भिंती रचल्या आणि रुग्णांसाठी दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या. सुमारे तीन महिने त्यांचा मुक्काम होता. या काळात ते आनंदवनातच जेवत, म्हणजे रुग्णांनी पिकवलेली तीच भाजी खात. वरोऱ्याची माणसं आधी कुतूहलानं लांबून बघून गेली, मग जवळ आली. साता समुद्रापलीकडून आलेली ही मुलं इथलं खातात, इथलं पाणी पितात आणि त्यांना काही होत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. हळूहळू आनंदवनाच्या भाजीला आणि दुधाला गिऱ्हाईक मिळू लागलं.

या मुलांची संस्था मूळची निघाली कुठून, हे शोधायला १९२० सालच्या फ्रान्सपर्यंत मागे जावं लागतं.

ईशान्य फ्रान्समधल्या व्हर्डनला १९१६ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत पहिल्या महायुद्धातली सर्वांत लांबलेली लढाई झाली. दोन्ही बाजूंची मिळून सुमारे तीन लाख माणसं मेली. जमिनीवर इतके तोफगोळे पडले की शेतं, रस्ते, ओढे यांचा माग राहिला नाही. नऊ गावं तर पुरती नष्ट झाली. ‘३०४ ची टेकडी’ म्हणून लढाईच्या इतिहासात गाजलेल्या टेकडीच्या पायथ्याशी एन नावाचं खेडं होतं, त्याचाही ढिगारा झाला होता. युद्ध संपल्यावर परागंदा झालेली शेतकरी कुटुंबं परत आली आणि मिळेल त्या आडोशाला राहू लागली.

पीएर सेरेसोल हे स्विस इंजिनियर १९२० च्या नोव्हेंबरात तिथे पोहोचले. वडील एकेकाळी स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते, मुलगा गणितात हुशार. जपान-अमेरिका पाहून १९१४ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा युरोप पेटलेला होता. एक तरुण शाळामास्तर बंदूक हाती घ्यायला नकार देऊन तुरुंगात गेला, ते पाहून सेरेसोल अस्वस्थ झाले. त्यांना स्वतःला सैन्यात जावं लागणार नव्हतं, त्याऐवजी एक कर भरायचा होता. तो भरायला त्यांनी नकार दिला आणि तेही तुरुंगात गेले. पण नुसता नकार त्यांना अपुरा वाटत राहिला. जो तरुण सैनिक होऊ इच्छित नाही, त्यानं सैनिकाइतकीच मेहनत, तितकीच शिस्त आणि तितकाच धोका पत्करून दुसरं काहीतरी केलं पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

युद्धानंतर हॉलंडमधल्या बिल्टहोव्हेन गावी शांततावादी ख्रिस्ती मंडळींच्या परिषदा भरल्या. तिथे ठराव झाले, प्रार्थना झाल्या, भाषणं झाली. आपल्या देशाच्या सैनिकांनी फ्रान्समध्ये जे उद्ध्वस्त केलं, ते आपल्या हातांनी पुन्हा बांधण्याची इच्छा तिथे एका जर्मन प्रतिनिधीनं बोलून दाखवली, असं सांगतात. सेरेसोल यांनी ती इच्छा उचलून धरली. ह्यूबर्ट पॅरिस या इंग्रज क्वेकर सहकाऱ्याबरोबर त्यांनी एन हे गाव निवडलं आणि इंग्रज, स्विस, जर्मन, डच अशा मोजक्या लोकांची तुकडी उभी केली. ऐन हिवाळ्यात या लोकांनी लाकडी घरं बांधली, तोफगोळ्यांचे खड्डे बुजवले आणि रस्ता नीट केला. मजुरी घ्यायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून होता. दोनच वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांचे तरुण तिथे एका घमेल्याचे दोन कान धरून चालत होते.

हा प्रयोग पाच महिने टिकला. गावातल्या काहींची जर्मन मुलांशी ओळख झाली होती, पण ज्यांच्या घरातली माणसं जर्मनांच्या हातून मेली होती त्यांना हे बघवत नव्हतं. सरकारी यंत्रणेलाही जर्मन माणसं तिथे नको होती. १९२१ च्या वसंतात साऱ्यांनी मुक्काम हलवला. त्या गावकऱ्यांना दोष देणं सोपं आहे, पण योग्य नाही. जखम इतकी ओली असताना शेजारी कुदळ घेऊन उभा राहिलेला माणूस मित्र म्हणून ओळखता यावा, ही अपेक्षाच फार मोठी आहे. सेरेसोल यांनीही ते अपयश मनाला लावून घेतलं नाही.

पुढच्या काही वर्षांत ही कल्पना स्वित्झर्लंडमध्ये रुजली, तीही चमत्कारिक वाटेनं. पीएर यांचे थोरले भाऊ अर्नेस्ट हे स्विस सैन्यात कर्नल होते. भाऊ शांततावादी आणि आपण फौजी, तरी धाकट्याच्या शिबिरांची शिस्त आणि व्यवस्था त्यांनी हौसेनं अंगावर घेतली. १९२४ मध्ये डोंगरावरचा हिमलोट कोसळून गाडलेली शेतं आणि दरडीखाली गेलेली गावं साफ करायला शेकडो स्वयंसेवक जमले. १९२७ मध्ये ऱ्हाइन नदीचा बांध फुटून लिख्टेनस्टाइन या चिमुकल्या देशाची सुपीक जमीन वाळू-गोट्यांखाली गेली. दुसऱ्या वर्षी तिथे वीसहून अधिक देशांतले सातशेच्या आसपास स्वयंसेवक येऊन राबून गेले. त्या देशाची वस्ती तेव्हा एखाद्या तालुक्याच्या गावाइतकी होती, हे लक्षात घेतलं तर या आकड्याचं वजन कळतं.

या सुरुवातीच्या शिबिरांत मुलीही होत्या. त्यांना ‘भगिनी’ म्हणत. पुरुषांनी दगड फोडायचे आणि भगिनींनी स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे, फाटलेले मोजे रफू करायचे, अशी वाटणी होती. जगातला अन्याय दूर करायला निघालेल्यांना मुदपाकखान्यातला अन्याय दिसला नव्हता. कुदळ-फावडं मुलींच्याही हाती यावं, यासाठी पुढे त्यांनाच आग्रह धरावा लागला. महाराष्ट्रातल्या कितीतरी शिबिरांनी ही गोष्ट पुढे स्वतःच्या अनुभवानं शिकली आहे. भाकरी कुणी थापायच्या आणि घमेली कुणी वाहायची, यावरून रात्री रंगलेल्या वादांतूनच अनेकांची समतेची पहिली खरी बाराखडी झाली.

१९३१ मध्ये वेल्समधल्या ब्रिनमॉर या कोळसा खाणींच्या गावी शिबिर भरलं. तिथे ना पूर होता ना दरड, बेकारी होती. खाणी बंद पडून गावातले बहुतेक पुरुष घरी बसले होते. बेकार खाण कामगार आणि स्वयंसेवक यांनी मिळून कचऱ्याच्या पडीक जागेवर बाग आणि पोहण्याचा तलाव तयार केला. इथे एक अवघड प्रश्न उभा राहिला. फुकट राबणारे बाहेरून आले तर ज्याला मजुरी हवी आहे त्याचं काय? मजूर लावून होऊ शकेल असं काम शिबिरानं करायचं नाही, हा नियम संस्थेनं काटेकोरपणे धरला. सदिच्छेनं केलेलं कामही कुणाच्या तोंडचा घास काढू शकतं, याची ही जाणीव. आज परदेशी जाऊन आठवडाभर भिंत रंगवून येणाऱ्या उत्साही तरुणांना ती कुणीतरी करून दिली पाहिजे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्याकडे स्वित्झर्लंडमध्ये काही दिवस थांबले. त्या दिवसांत सेरेसोल आणि गांधीजींची भेट झाली. पुढे तीन वर्षांत सेरेसोल भारतात होते, पण त्यांना तिथे आणलं ते भूकंपानं.

१५ जानेवारी १९३४ ची दुपार. नेपाळ आणि उत्तर बिहार हादरले. मुंगेर, मुजफ्फरपूर ही शहरं कोसळली, दहा हजारांहून अधिक माणसं दगावली. जमिनीला भेगा पडून त्यांतून पाणी आणि वाळू उसळली. विहिरी वाळूनं भरल्या, उभी शेतं वाळूखाली गेली. राजेंद्रप्रसाद तुरुंगातून सुटून मदतकार्याच्या प्रमुखपदी आले. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असं गांधीजी म्हणाले आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली, तो गाजलेला वाद याच वेळचा. त्या वादावर पुस्तकं लिहिली गेली. त्याच सुमारास एक पन्नाशी उलटलेला स्विस इंजिनियर उत्तर बिहारच्या चिखलात गावांची उंची मोजत फिरत होता, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही.

भूकंपानंतर जमिनीची पातळी बदलली होती, पाण्याच्या वाटा बदलल्या होत्या, त्यामुळे काही गावं पावसाळ्यात पाण्याखाली जाऊ लागली. ती उचलून उंचवट्यावर वसवायची, असं काम सेरेसोल आणि त्यांच्या मोजक्या युरोपीय सहकाऱ्यांनी मुजफ्फरपूर भागात अंगावर घेतलं. ते १९३७ पर्यंत चाललं. इथे ब्रिनमॉरचाच प्रश्न दसपटीनं मोठा होऊन समोर आला. ज्या देशात काम मागणारे लाखो हात रिकामे आहेत, तिथे चार गोऱ्यांच्या फावड्यांनी काय साधणार? मातीच्या मापानं पाहिलं तर फारसं काही नाही. पण राज्य इंग्रजांचं होतं. गोरा माणूस म्हणजे साहेब, घोड्यावरचा किंवा मोटारीतला, एवढंच त्या खेड्यांनी पाहिलं होतं. तो डोक्यावर टोपी आणि हातात फावडं घेऊन चिखलात उतरतो, हे दृश्य त्या राज्याला आतून पोखरणारं होतं. आणि त्या युरोपीय तरुणांच्या मनातलाही ‘भारत’ नावाचा प्रश्न पुसला जाऊन त्या जागी माणसांचे चेहरे आले.

पुढचा काळ झपाट्यानं सांगता येईल. स्पेनच्या यादवी युद्धात या संस्थेच्या लोकांनी ट्रकमधून मुलांना आणि म्हाताऱ्यांना माद्रिदबाहेर काढलं. दुसऱ्या महायुद्धात सेरेसोल बेकायदा सरहद्द ओलांडून जर्मनीत शिरले आणि पुन्हा तुरुंगात गेले. १९४५ च्या ऑक्टोबरात ते वारले. १९४८ मध्ये युनेस्कोच्या पुढाकारानं पॅरिसला अशा शिबिर-संस्थांची समन्वय समिती स्थापन झाली. १९५० मध्ये एक छोटी तुकडी पुन्हा भारतात आली. सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी फरिदाबाद उभं राहत होतं, तिथे घरं बांधायला. त्यानंतर चारेक वर्षांत वरोरा.

आनंदवनाला त्या तीन महिन्यांतून जे मिळालं, ते भिंतींपेक्षा मोठं होतं. कुष्ठरोगाबद्दल गावाला समजावून सांगणारी भाषणं करण्यात बाबा काही कमी नव्हते. शब्दांवर त्यांची हुकमत होती. पण गावाची भीती शब्दांनी गेली नाही, कुणीतरी जेवताना पाहून गेली. जगाचा प्रश्न तरुणांना समजावून द्यायचा म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उदाहरण दुसरीकडे सापडणं कठीण. बाहेरून आलेली मुलं शिकायला आली होती, पण खरा धडा घेतला तो कुंपणापलीकडून बघणाऱ्यांनी. दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, आनंदवनाच्या आवारातच आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झालं. ज्या गावानं भाजीला हात लावला नव्हता, त्या गावानं आपली तरणीताठी मुलंमुली कुष्ठरुग्णांच्या वस्तीत शिकायला धाडली.

याच काळात दिल्लीत एक वेगळा विचार चालला होता. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवेचा विचार करणारी समिती नेमली गेली. शाळेचं शिक्षण संपवून विद्यापीठात जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं नऊ महिने ते वर्षभर सक्तीची राष्ट्रसेवा करावी, असं या समितीनं सुचवलं. खर्च मोठा होता, अडचणीही होत्या, आणि शिफारस बाजूला पडली. मग शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांतल्या तरुणांच्या सेवा-योजना पाहिल्या. त्यांचा कौल ऐच्छिक सेवेच्या बाजूनं पडला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत ती ‘एनएसएस’ म्हणूनच ओळखली जाते. दिवाळीनंतर एखाद्या खेड्यातल्या शाळेत सतरंज्या अंथरून मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री गावासाठी करमणुकीचा कार्यक्रम. शोषखड्डे खणणं, रस्त्यावर मुरूम टाकणं, बंधारा घालणं ही कामं. अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा खेडं आतून पाहिलं ते याच सात-दहा दिवसांत.

चिंतामणरावांसारख्या विचारी माणसाला सक्ती का हवीशी वाटली, हे समजण्यासारखं आहे. स्वेच्छेवर सोडलं तर येणारे थोडेच असतात. पण सेरेसोल यांच्या साऱ्या प्रयोगाचा जीव स्वेच्छेतच होता. वरोऱ्यात आलेल्यांना सरकारी हुकूम म्हणून पाठवलं असतं, तर त्यांच्या जेवणाकडे गावानं त्याच नजरेनं पाहिलं असतं का? गुणपत्रिकेत दहा गुणांची भर पडते म्हणून शिबिराला आलेला विद्यार्थी आणि आपणहून आलेला विद्यार्थी यांच्या कुदळीचा आवाज वेगळा येतो. ज्यांनी शिबिरं चालवली आहेत त्यांना तो ओळखता येतो. सेरेसोल यांच्या स्वतःच्या देशात हा प्रश्न फार उशिरा सुटला. सैन्याऐवजी नागरी सेवेची मुभा मिळावी म्हणून १९२३ मध्ये तिथे सुमारे चाळीस हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला होता. तो नामंजूर झाला. तसा कायदा अमलात यायला १९९६ साल उजाडलं.

वरोऱ्याहून मूल तालुक्यातल्या सोमनाथला गेलं, की या गोष्टीचा पुढचा भाग दिसतो. १९६७ मध्ये तिथली जंगलातली जमीन मिळाल्यावर बाबांनी बरे झालेल्या कुष्ठरुग्णांसह ती कसायला घेतली आणि तिला श्रमिक विद्यापीठ म्हटलं. साठीचं दशक संपता संपता तिथे श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. ती मे महिन्यात भरते. चंद्रपूरचा मे म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या मुलांना पहिल्याच दिवशी कळतं. पहाटे उठून ऊन चढण्याआधी श्रमदान, मग जंगल, पाणी, शेती, जात, युद्ध अशा विषयांवर बोलणं-ऐकणं, संध्याकाळी गाणी. बाबांच्या आयुष्यातल्या पुढच्या साऱ्या उद्योगांना इथून माणसं मिळत गेली. १९७३ मध्ये प्रकाश आमटे आणि मंदाताई भामरागडच्या जंगलात हेमलकसाला गेले तेव्हा, आणि १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे बाबांच्या यात्रेच्या सायकली निघाल्या तेव्हाही, बाबांभोवती असेच तरुण होते.

एनमध्ये आणि आनंदवनात धडधाकट तरुण पीडितांसाठी बांधायला आले होते. सोमनाथला नातं उलटं झालं. पुण्या-मुंबईचा, नाशिक-कोल्हापूरचा अठरा वर्षांचा मुलगा टिकाव उचलतो, तो चुकीचा धरलेला असतो. दोन घावांत तळहाताला फोड येतो. त्याच्या शेजारी ही जमीन पहिल्यांदा फोडणारा एखादा म्हातारा उभा असतो, रोगातून बरा झालेला. त्याच्या हाताला पुरती बोटं नाहीत. तो मुलाच्या हातातला टिकाव घेतो, दांडा दोन्ही तळव्यांत कसा बसवायचा ते दाखवतो, एक घाव घालतो आणि टिकाव त्याच्याकडे परत देतो.